मामांचा चौक, भाच्यांचा दावा

इंदुरी पोह्यांवर जिरावण मसाला भुरभुरत आमचे एक जमीन-दलाल स्नेही म्हणाले, "भिया, महूच्या पुढे चोरलपर्यंत नुसती मोकळी जागा पडलीय!" मोकळी म्हणजे त्यांचं कमिशन अजून न पोचलेली. तिथं भिल्लांचे पाडे आहेत, मक्याची शेतं आहेत, कुठला मोह कुणाच्या घरचा हे पोरासोरांना पाठ आहे. पण दलालाच्या नकाशात मोहाची नोंद नसते.

नकाशांचं आम्हांलाही फार कौतुक. इंदूरचा मास्टर प्लॅन 2021 पर्यंतचा. त्याची मुदत संपली, शहराची भूक नाही. अवैध कॉलन्या वैध करायची तारीख आधी 31 डिसेंबर 2016 होती. मे 2023 मध्ये, विधानसभेची निवडणूक सहा महिन्यांवर असताना, ती 2022 अखेरपर्यंत सरकवल्याची घोषणा झाली. कॉलनी आधी, कायदा मागून.

जंगलातली तारीख मात्र खिळ्यानं ठोकलेली: 13 डिसेंबर 2005. त्याआधीपासून जमीन कसत असाल तरच वनाधिकार कायद्याखाली दावा लावा, तोही चार हेक्टरच्या आत. पुरावा म्हणून गावातल्या म्हाताऱ्यांचा जबाब चालतो, जुना बांध चालतो, दफनभूमीसुद्धा चालते, असं नियमच सांगतात. पुढं 2019 मध्ये मध्य प्रदेशात 'वनमित्र' पोर्टल आलं. आता आजोबांना पुरलं ती जागा मोबाइलवर कशी चढवायची, हे रेंज शोधत टेकडीवर चढलेल्या नातवानं ठरवायचं.

त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयापुढं आकडे आले: एकट्या या राज्यात साडेतीन लाखांवर दावे फेटाळलेले. अशा दावेदारांना हटवण्याचा आदेश 13 फेब्रुवारीला निघाला, 28 ला त्याला स्थगिती मिळाली. मधल्या पंधरवड्यात आमच्याकडे रविवारची जलेबी वेळेवर मिळाली.

तरी आदिवासींना आम्ही विसरलो म्हणू नका. 2021 मध्ये इंदूरच्या भंवरकुवा चौकाला आणि महूजवळच्या पातालपाणी स्टेशनाला इंग्रजांशी लढलेल्या तंट्या भिल्लांचं, म्हणजे लोकांच्या तंट्यामामांचं, नाव द्यायची घोषणा झाली. पातालपाणीला जुनी गाडी थांबायची. लोक म्हणत मामांना सलाम, रेल्वे म्हणे ब्रेकची तपासणी. लोकांचा जबाब तिथंही अमान्यच.

मामांना जबलपुरात फाशी झाली 4 डिसेंबर 1889 ला. 2005 च्या आधीची असल्यानं तेवढी तारीख नियमात बसते.