रा. रा. शेवटसांगे यांस अनावृत पत्र

रा. रा. शेवटसांगे साहेबांचे सेवेसी,
सा. न. वि. वि.

गेल्या रविवारी आमच्या शहरातल्या सात रस्ता चौकात चहाच्या गाडीपाशी आपण आमच्यावर जे उपकार केलेत, त्यांची जाहीर पोच द्यावी म्हणून हा पत्रप्रपंच. आपला वेळ मोलाचा. तरीही आपण गाडी थांबवलीत, हेल्मेटही न काढता बोललात आणि निघून गेलात. एवढी निरपेक्ष सेवा आजकाल कोण करतं?

आम्ही चौघं वर्गणी काढून जपानी लाइट नॉव्हेलचे इंग्रजी अनुवाद घेतो. जपानात ही पुस्तकं साधारण साडेदहा सेंटिमीटर रुंद, पंधरा सेंटिमीटर उंच, खिशात मावणारी. आत चित्रं असतात आणि एकेक कथा कितीतरी खंड चालते. मूळ खंड पुढे धावतो, अनुवाद मागून येतो. मधल्या महिन्यांत वाचकाच्या हाती एकच उद्योग उरतो, तर्क करण्याचा. तो आपण एका वाक्यात संपवलात. आमचे केवढे कष्ट वाचले!

आमची एक शंभरपानी वही आहे, ती आपण पाहिलीच असेल. डाव्या पानावर तर्क, उजव्या पानावर पुरावा. खंड आणि पान क्रमांक दिल्याशिवाय तर्क धरायचा नाही, असा नियम. आपल्याला नियम लागत नाहीत. थोरांना ते लागतही नसावेत.

आम्ही सध्या वाचतोय त्या कथेत मुखवटा घातलेलं एक पात्र आहे. पुस्तकाचं नाव मी लिहीत नाही, कारण हे पत्र वाचणाऱ्या कुणाच्या तरी हाती उद्या ते पडेल. त्या पात्राची प्रकरणं ‘मी’ म्हणत येतात. जपानी क्रियापदावरून बोलणारा पुरुष की बाई हे कळत नाही. ‘मी’साठी तिथे ‘वाताशी’, ‘बोकु’, ‘ओरे’ असे वेगवेगळे शब्द आहेत, त्यांतून थोडा वास लागतो. इंग्रजीत तोही जातो. आपली मराठी मात्र पहिल्याच वाक्यात विचारते, आलो की आले? म्हणून आम्ही चौघांनी ठरवलं होतं, ‘मुखवटा आला’, ‘मुखवटा बोलला’ असंच म्हणायचं. मुखवटा पुल्लिंगी, क्रियापद त्याच्यामागे, आतलं माणूस झाकलेलं. सात महिने आम्ही हे व्याकरण सांभाळलं.

आणि आपण म्हणालात, “काय बे, अजून मुखवटा मुखवटा करताय? ती राजवैद्याची पोरगी की बे!” पाच शब्दांत लिंग, कुळ, नातं, सगळं. इतकं नेमकं मराठी आम्हांला शाळेतही कुणी शिकवलं नव्हतं.

आपली ही सेवा जगाला आधी लाभली असती तर! चार्ल्स डिकन्स १८७० मध्ये गेला तेव्हा त्याच्या शेवटच्या कादंबरीचे ठरलेल्या बारापैकी सहाच भाग लिहून झाले होते. तिच्यातल्या एडविन ड्रूडचं काय झालं, यावर वाचक आजही वाद घालतात. लंडनला अगाथा ख्रिस्तीचं ‘द माउसट्रॅप’ २५ नोव्हेंबर १९५२ ला सुरू झालं. प्रयोग संपला की नट प्रेक्षकांना विनवतात, खुनी कोण ते बाहेर सांगू नका. सत्तर वर्षांहून अधिक काळ परकी माणसं एकमेकांसाठी ती विनंती पाळत आली आहेत. आपण तिथे नव्हतात, हे त्यांचं दुर्दैव.

जपानात नागारू तानिगावा यांच्या हारुही सुझुमिया मालिकेचा पुढचा खंड यायला २०११ ते २०२० अशी नऊ वर्षं लागली. वाचक थांबले. लांब कशाला, ‘बाहुबली’ सिनेमाच्या दोन भागांमध्ये, १० जुलै २०१५ पासून २८ एप्रिल २०१७ पर्यंत, आमच्या शहराच्या पूर्व भागातल्या तेलुगू घरांत आणि आमच्या मराठी घरांत एकच प्रश्न होता, कटप्पाने बाहुबलीला का मारलं? दोन भाषांची पोरं एका प्रश्नाने जवळ आली होती. उत्तरात ती ताकद नव्हती, वाट पाहण्यात होती.

आता शेवटचा उपकार. आमच्यातली सर्वांत धाकटी अकरावीत आहे. आपण बोललात तेव्हा तिने वही मिटली आणि चहा तसाच ठेवून ती घरी गेली. संध्याकाळी मी वही उघडली. तिच्या अक्षरात पानभर पुरावा होता. पहिल्या खंडातल्या चित्रात मुखवट्याच्या फितीची गाठ डावीकडे, दुहेरी. तिसऱ्या खंडात वैद्याच्या मुलीच्या वेणीची गाठ तशीच. दोन्ही पानांचे क्रमांक, खाली चार दिवस आधीची तारीख. तिने एकटीने, फक्त नीट बघून, ओळखलं होतं. त्या रविवारी ती आम्हांला ते दाखवणार होती. आपण बोललात आणि तिचा शोध शिळी बातमी झाला.

साहेब, सात रस्त्यावर उभं राहिलं की सात वाटा दिसतात. गोष्टीच्या मध्यावर वाचक तसाच उभा असतो, आणि त्या उभं राहण्यासाठीच तो पुस्तक विकत घेतो. ज्याला शेवट ठाऊक आहे त्याने गप्प राहणं ही वाचकाने वाचकाला द्यायची साधी इज्जत आहे.

पुढचा खंड आला की अवश्य या, चहा आमच्याकडून. येताना आधी त्या मुलीला सांगा, “तू ओळखलं होतंस.” आपल्याला ठाऊक असलेली तेवढीच गोष्ट आता सांगण्यासारखी आहे.

कळावे, लोभ असावा.

आपली,
वहीतली एक वाचक