मागची बाजू विचारा

केसरोपणाच्या जाहिरातीत फोटो कायम कपाळाचा. आधी टक्कल, मग झुलपं. डोक्याची मागची बाजू कुणी दाखवत नाही, आणि सगळा माल तर तिथूनच काढलेला असतो.

रोपणात नवा केस तयार होत नाही. कानामागच्या आणि मानेवरच्या पट्ट्यातली मुळं टकलाला सहसा दाद देत नाहीत, म्हणून तीच काढून पुढे लावतात. पुढे गेल्यावरही ती आपला मूळ स्वभाव सोडत नाहीत, हे न्यूयॉर्कच्या नॉर्मन ओरेंट्राइख यांनी १९५९ मध्ये मांडलं. पण मागून मूळ उचललं की त्या जागी दुसरं येत नाही. हे मुद्दलच, त्यावर व्याज मिळत नाही.

एफयूई पद्धतीत जेमतेम मिलिमीटरभर तोंडाच्या पंचने एकेक मूळ कोरून काढतात. ‘टाका नाही, व्रण नाही’ ही शुद्ध थाप आहे. टाका नसतो, पण प्रत्येक भोक भरताना बारीक पांढरा ठिपका मागे ठेवतं. हात राखून काम केलं तर उरलेल्या केसांत तो झाकला जातो. हावरटपणाने मुळं काढली, की न्हाव्याने बारीक मशीन फिरवताच मागे विरळ चट्टे उघडे पडतात. ते भरून काढायला मग काही उरलेलं नसतं.

पुढची बाजूही लगेच सावरत नाही. दोन-चार दिवसांत कपाळ सुजतं, सूज कधी पापण्यांवर उतरते. खपल्या आठ-दहा दिवसांत गळतात. त्याआधी नखाने उचकटल्या तर मूळही हातात येतं. पुढच्या काही आठवड्यांत लावलेले केस झडतात आणि माणूस हबकतो, पण मूळ आत जिवंत असतं. कोंब तीन-चार महिन्यांनी, खरा निकाल वर्षाने. फार दाटीने भोकं पाडली तर रक्तपुरवठा तुटून कातडी काळी पडू शकते. सिगारेट ओढणाऱ्यांना हा धोका जास्त.

राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाला २०२२ मध्ये सांगावं लागलं, की यूट्यूब पाहून किंवा कार्यशाळा करून ही शस्त्रक्रिया शिकता येत नाही. तरीही सलूनच्या माळ्यावर ‘क्लिनिक’ चालतं, याची मला चीड येते. ॲडव्हान्स देण्याआधी विचारा: पंच कोण धरणार, त्याची पदवी काय, मागून किती मुळं काढणार, किती शिल्लक ठेवणार? उत्तराऐवजी सवलत पुढे केली, तर उठून चालू लागा.