ठेवणीतले गृहस्थ

मराठी मध्यमवर्गात सर्वत्र आढळणाऱ्या काटकसरी गृहस्थाचा विचार करताना, त्याला कंजुषांच्या पंक्तीत बसवण्याची घाई करू नये. मोलिएरने १६६८ मध्ये रंगभूमीवर आणलेला आणि आचार्य अत्रे यांनी ‘कवडीचुंबक’मध्ये मराठी वेषात उभा केलेला कंजूष पैशावर प्रेम करतो, प्रस्तुत गृहस्थाचे प्रेम खर्च टळण्याच्या क्षणावर असते, आणि तो क्षण साधण्यासाठी वाटेल तेवढा खर्च सोसण्याची त्याची तयारी असते.

साबणाचा उरलेला पापुद्रा नव्या वडीला चिकटवणे, टूथपेस्टची नळी कात्रीने उभी कापणे, लग्नपत्रिकेच्या पाठकोऱ्या बाजूवर वाणसामानाची यादी लिहिणे या त्याच्या सवयी निरुपद्रवी, किंबहुना आदरणीय आहेत. घोटाळा आहे तो त्याच्या हिशेबाच्या वहीत, कारण तीत दिलेला पैसा पै-पैसह नोंदवला जातो, परंतु वेळेवर न दिल्यामुळे पुढे गेलेल्या पैशासाठी रकानाच आखलेला नसतो. झिरोचा बल्ब, म्हणजे रात्रभर मंद जळणारा दिवा, हे याचे उत्तम उदाहरण होय. नावात शून्य असले तरी जुन्या, तारेच्या बनावटीचा असा दिवा १२ ते १५ वॉट वीज घेतो, आणि त्याहून कितीतरी अधिक उजेड देणाऱ्या एलईडीला ९ वॉट पुरतात; तथापि एलईडी विकत आणावा लागतो आणि झिरो घरात आहेच, या युक्तिवादापुढे वीजशास्त्राचे काही चालत नाही. त्या उजेडात टीपॉयला अडखळून फुटलेल्या कपबशीची नोंद ‘इतरांचा निष्काळजीपणा’ या सदरात होते.

दाढ दुखू लागली की हा गृहस्थ लवंगेचा आश्रय घेतो. किडलेला भाग वेळीच कोरून भरला असता तर थोडक्यात भागले असते. परंतु कीड मुळाशी पोहोचल्यावर रूट कॅनाल, म्हणजे दाताच्या आतील मगज काढून पोकळी साफ करून बुजवण्याचा उपचार, आणि त्यावर टोपी, असा कित्येक पटींचा खर्च उभा राहतो. तेव्हाही, शेजारची दाढ याच खेपेस केली तर काही कमी होईल का, हे तो विचारून घेतो. (ती दाढ बहुधा निरोगी असते.)

या स्वभावाची खरी किंमत मात्र तो स्वतः क्वचितच मोजतो. पाहुण्यांसाठी काचेच्या कपाटात जपलेल्या कपबशा, चांगल्या प्रसंगासाठी पेटीत ठेवलेल्या चादरी आणि पत्नीचा ठेवणीतला शालू, यांचा उपभोग सतत पुढच्या तारखेवर ढकललेला असतो. भाचीच्या लग्नात शालू नेसू पाहणाऱ्या पत्नीस थोरल्याच्या लग्नापर्यंत थांबण्याचा सल्ला मिळतो, आणि थोरल्याने १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली नोंदणी पद्धतीने लग्न करावे म्हणून सर्वांत उत्साहाने खटपट करणाराही हाच असतो. पुढे कधीतरी शालू बाहेर निघतो, तेव्हा वर्षानुवर्षे एकाच घडीत राहिलेले रेशीम घडीवर विरलेले असते आणि हात लागताच चिरत जाते. त्यावर, जरीचा काठ सोडून उरलेल्या कापडाच्या निदान चार पिशव्या निघतील, असा अंदाज गृहस्थ बसल्याबसल्या बांधतो, आणि शिलाई वाचावी म्हणून त्या पत्नीनेच घरी शिवाव्यात, असे सुचवतो.