भरतीभाऊ

"उद्या षष्ठी. भरती साडेचारले," असं तो टपरीवर अर्धा कप चहा घेता घेता सहज बोलून गेला, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे कळमेश्वरातली अकरा पोरं शाळेच्या मैदानावर हजर. कोणाच्या हातात डोमिसाइल, कोणाच्या हातात नॉन-क्रिमिलेयर, एकजण तर बापालाच घेऊन आलेला. पोलीस भरतीत पहाटेच बोलावतात, १६०० मीटर पळवतात, त्यामुळे साडेचार ही वेळ कोणालाच खटकली नाही. पाच वाजले तरी साहेबांचा पत्ता नाही म्हणून पोरं त्याच्या दारावर गेली. हा डोळे चोळत बाहेर.

"झाली नं बे भरती. बरोब्बर साडेचारले. आता ओहोटी लागली."

"कुठी?"

"रत्नागिरीले."

तेव्हापासून तो भरतीभाऊ. खरं नाव रेशनकार्डावर असेल.

आता कळमेश्वर हे समुद्राच्या बाबतीत कसं गाव आहे, ते बाहेरच्या वाचकाला सांगायला पाहिजे. संत्र्याचे बगीचे, कापूस, एमआयडीसी, आणि नागपूर-इटारसी लाइनवरचं एक स्टेशन. पश्चिमेकडे निघालात तर अरबी समुद्र सरळ रेषेतही सातशे किलोमीटरच्या आसपास. बंगालचा उपसागर त्याहून जवळ पडतो, पण आमच्याकडे समुद्र म्हटला की मुंबईचाच. विशाखापट्टणमला कोणाची आत्या राहत नाही. गावात समुद्राचा उल्लेख लेखी स्वरूपात एकाच जागी सापडतो. रेल्वे स्टेशनच्या पिवळ्या पाटीवर, नावाच्या खाली, बारीक अक्षरात समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते तिथं. भरतीभाऊ गाडीची वाट पाहताना त्या पाटीखालीच उभा राहतो. "पाहा गुरुजी," मला म्हणाला, "आपन सगळे समुद्राच्या वर हाओत. म्हनजे हिशेब तिथूनच सुरू होते नं?" याला उत्तर नाही.

हा गडी समुद्रावर गेला एकदाच. एका मोसमापुरता. त्याचा साळा एसटीत, बदली होऊन कोकणात पडलेला. तिकडच्या एका ग्रामपंचायतीला दिवाळी ते मे किनाऱ्यावर जीवरक्षक पाहिजे होते. इकडे त्या वर्षी संत्र्याला आंबिया बहार धरला नव्हता, हा मोकळाच होता. पोहायला येतं का, तर येतं. पाठीला तेलाचा रिकामा डबा बांधून चुलत्यानं विहिरीत ढकलला तेव्हापासून येतं. काठावरून सूर मारून तळाचा गाळ मुठीत आणणारा तो तालुक्यातला नावाजलेला पोरगा होता. एवढ्या भांडवलावर तो गेला.

पहिल्याच दिवशी लक्षात आलं की विहिरीचं पाणी बिचारं जागेवर बसून असतं. समुद्राचं पाणी चालतं. "विहिरीत आपन पान्यात जातो. इथं पानीच आपल्याकडे येते, आन् जाताना संगं चाल म्हन्ते," असं तो सांगतो. तिकडची पोरं हसली, घाटावरचा म्हणाली. पण एका खारवी म्हाताऱ्याचा जीव त्याच्यावर बसला आणि त्यानं याला तिथीचा हिशेब शिकवला. कोकणातला जुना हिशेब आहे : तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. पुढची भरती बारा-साडेबारा तासांनी. रोज पाऊण तास पुढं सरकायचं. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, तेव्हा पाणी चढतंही जास्त आणि उतरतंही जास्त. घड्याळ नको, मोबाइल नको, कालनिर्णय पुरे. याला हा हिशेब इतका आवडला की तो त्यानं येताना घरी आणला. माणसं कोकणातून काजू आणतात, कोकम आणतात. हा भरती-ओहोटी घेऊन आला. अजूनही रोज सकाळी तिथी पाहून तो टपरीवर वेळ जाहीर करतो, आणि हिशेब कधी चुकत नाही, कारण पडताळायला इथं समुद्रच नाही.

अंगात तोच पिवळा टी-शर्ट, पाठीवर लाल अक्षरात जीवरक्षक. धुऊन धुऊन मधला 'र' उडाला. त्या रिकाम्या जागी कोण्या कार्ट्यानं स्केचपेननं 'भ' काढून ठेवला, आणि आठ दिवस हा गावभर जीवभक्षक होऊन फिरला. शेवटी वहिनींनी ठिगळ लावलं. गळ्यात शिट्टी मात्र कायम असते. अंघोळीलाही काढत नाही म्हणतात. ते मी पाहिलेलं नाही.

त्याला सगळे एकच विचारतात : भाऊ, किती लोकं वाचवले? इथं दुसरा कोणी असता तर आकडा वर्षागणिक वाढत गेला असता. भरतीभाऊचा आकडा कायम आहे. अख्ख्या मोसमात तो पाण्यात तीनदा उतरला. पहिल्यांदा एका बाईची चप्पल. दुसऱ्यांदा प्री-वेडिंगवाला नवरदेव : शेरवानी घालून समुद्राकडे पाठ करून खडकावर बसला होता, फोटोग्राफर म्हणे जरा मागं, जरा मागं. आणि तिसऱ्यांदा?

"तिसऱ्यांदा मलेच काढलं."

हे तो इतक्या आनंदानं सांगतो की ऐकणाऱ्याला आपणच बुडाल्यासारखं वाटतं. ड्युटी संपल्यावर संध्याकाळी एकटाच पोहायला गेला. समुद्रात एका ठिकाणी लाटा फुटत नव्हत्या, फेस नव्हता, पाणी जरा काळपट आणि कसं गुमान. विहिरीच्या माणसाला ते पाणी ओळखीचं वाटलं. नेमकी तीच ओढीची जागा. लाटा पाणी आणून आणून किनाऱ्यावर टाकतात. त्या पाण्याला परत जायला वाट लागते. पाण्याखालच्या वाळूच्या बांधात जिथं खिंड असेल तिथून ते सगळं सुसाट आत पळतं. "आपल्या पाटाचा बांध एका जागी फुटला की सगळं पानी कसं तिथूनच धावते? तसंच. वरून काईच दिसत नाई." हा किनाऱ्याकडे तोंड करून हात मारत राहिला, आणि किनारा लांब जात राहिला. ओरडावं म्हटलं तर तोंडातून आवाज निघेना. हात वर करावा तर हात पाणी दाबण्यात गुंतलेले. एकोणीस वर्षांचं तिथलंच एक पोरगं फळीवर पालथं पडून आलं, याला ओढून घेतलं, आणि सरळ किनाऱ्याकडे न जाता आधी आडवं नेलं, किनाऱ्याला समांतर, ओढीतून बाहेर पडेपर्यंत. मग लाटांनीच दोघांना आणून सोडलं.

"उधळलेल्या बैलाच्या समोर जातो का आपन? आडवंच निंगतो नं? येवढं मले माहीत होतं गुरुजी. बैलाचं माहीत होतं, पान्याचं नवतं."

तेव्हापासून त्याचं एक सूत्र पक्कं झालं : जो बोंबलते तो बुडत नाई; जो गुमान हाये त्याच्याकडे पाहा. हे त्याच्या पदरचं तत्त्वज्ञान वाटेल, पण जीवरक्षकांना शिकवतातच असं. बुडणारा माणूस हात हलवून वाचवा-वाचवा करतो ते सिनेमात. खरा बुडणारा पाण्यात उभा असतो, मान मागं, तोंड पाण्याच्या रेघेला लागलेलं, आणि गप्प. श्वासच पुरत नाही तिथं ओरडणार कशानं?

बाकी मोसम त्यानं शिट्टीवर काढला. उडी मारावी लागली म्हणजे चूक आधीच झालेली आहे, असं त्याचं म्हणणं. लाल झेंडा दिसला की पर्यटक त्याच्याबरोबर फोटो काढतात. दारू पिऊन आलेला म्हणतो मी रोज पोहतो. कुठं, ते सांगत नाही. आणि आपल्याकडचा माणूस तर याला शंभर पावलांवरून ओळखू यायचा. पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, पायात बूट तसेच, आणि समुद्रात शिरताना मागच्यांना म्हणणार, "काई होत नाई बे, चालते!" एकदा असंच एक नागपूरचं कुटुंब त्या गुमान पाण्याकडे निघालं. याची शिट्टी वाजून वाजून तापली, कोणी वळून पाहीना. शेवटी यानं भोंगा तोंडाला लावला आणि किनाऱ्यावर आवाज घुमला, "ओ काकाजी! निंगा तिथून! काहून मरून राह्यले बापा सक्काळी सक्काळी!"

अख्खं कुटुंब जागच्या जागी थबकलं. काकाजी बाहेर आले, विचारलं, कोण्या गावचा? मग कळमेश्वर, मग काकाजींची साळी शेजारच्या ब्राह्मणी गावाला दिलेली, मग डब्यातल्या शंकरपाळ्या. लाटांच्या काठावर तासभर सोयरीक निघाली. "तेवढ्या टायमात ओहोटी पन संपली," असं भरतीभाऊ गंभीरपणे सांगतो.

मोसम संपला, पावसाळा लागला, किनारा पोहायला बंद झाला, हा घरी आला. पगाराचा शेवटचा हप्ता पुढच्या मोसमाला मिळाला. इथंच गोष्ट संपायला हवी होती. पण काम सुटलं तरी नजर सुटली नाही. तो टपरीवर कधीही रस्त्याकडे पाठ करून बसत नाही. बोलताना तुमच्याकडे पाहत नाही. डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे, नजर फिरत असते. आणि माणसं मोजतो. बाजारात, देवळात, शाळेच्या सहलीत. "यायले काई सांगा नं भाऊजी," वहिनी एकदा वैतागून म्हणाल्या. "दोनच लेकरं हायेत. त्यातला एक आठ दिवसांपासून मामाच्या घरी. तं हे रोज रात्री बॅटरी घेऊन उठतात, एक कमी भरते म्हन्तात."

मीही हसत होतो, गेल्या उन्हाळ्यातल्या त्या लग्नापर्यंत. वरात दारात आली होती. बँड, धूळ, नवरदेवाचे मित्र घोड्यापुढं नाचताहेत, मुलीचा मामा कोणावर तरी गरजतोय, आचारी त्याच्याहून मोठ्यानं गरजतोय. भरतीभाऊ माझ्या शेजारी खुर्चीवर. नजर डावीकडून उजवीकडे. मध्येच थांबली.

"गुरुजी, मुलीचा बाप पाहा."

बाप मांडवाच्या खांबाला टेकून उभा होता. हातात उपरणं, मान थोडी मागं. काहीच बोलत नव्हता. मला तर तो छान निवांत वाटला.

हा उठला. धावला नाही, धावलं की लोक घाबरतात म्हणे. जाऊन बापाच्या बाजूला उभा राहिला, दोन शब्द बोलला, मागं भटारखान्यात जाऊन आला. पुऱ्यांची कणीक संपत आली होती. तीनशे पानं उठायची बाकी, आणि किराण्यातला कोणीतरी दोन कट्टे आणायचे विसरलेला. बाप कोणाला सांगत नव्हता, कारण सांगायला मामा मोकळा नव्हता; तो ओरडण्यात गुंतला होता.

मग मी जे पाहिलं ते जीवरक्षण होतं की नाही, हे तुम्हीच ठरवा. भरतीभाऊ बँडवाल्याकडे गेला, त्याच्या कानात काही बोलला, शंभराची नोट दिली. बँडनं नागिन सुरू केलं. नवरदेवाचे मित्र मांडवात शिरता शिरता पुन्हा मागं वळले. एक पोरगा मोटरसायकलवर चक्कीवाल्याकडे पिटाळला. वरात दारातच अर्धा तास आडवी हलत राहिली, डावीकडे, उजवीकडे, पण आत आली नाही. कणकीचे कट्टे मागच्या दारानं आले. पंगत बसली, पुरी फुगलेली होती. मामानं सगळ्यांना सांगितलं की व्यवस्था त्याची होती.

"पाहा," भरतीभाऊ चवथी पुरी घेत म्हणाला, "उतरावं लागलं नाई."

आषाढातली यात्रा मात्र तो चुकवत नाही. कळमेश्वरपासून जवळच धापेवाडा. आषाढी झाली की पंढरपूरचा विठोबा इकडे येतो अशी आमच्या भागातली श्रद्धा, म्हणून वद्य प्रतिपदेला ही गर्दी लोटते. नदीचं नावही चंद्रभागाच. कोलबा स्वामींना इथली मूर्ती विहिरीत सापडली असं सांगतात, आणि हे भरतीभाऊला फार महत्त्वाचं वाटतं : देवही आपल्यासारखाच, विहिरीतून निघालेला. त्याला तिथं कोणी नेमलेलं नाही. तो पिवळा टी-शर्ट चढवतो, लाल गमछा काठीला बांधतो आणि घाटावर उभा राहतो.

यंदा पाऊस लांबला होता. नदीत पाणी घोट्याएवढं. म्हाताऱ्या बाया वाकून ओंजळीनं अंगावर घेत होत्या, लेकरं चिखल करत होती, आणि हा शिट्टी वाजवत होता. एका पोलिसालाच राहवलं नाही.

"काहून भाऊ, येवढ्याशा पान्यात कोनी बुडते का?"

"बुडालं का यंदा कोनी?"

"नाई."

"मंग?"

पोलीस थोडा वेळ विचार करत उभा राहिला आणि निघून गेला. मी भरतीभाऊला म्हटलं, चल, मंदिरामागं महाप्रसाद सुरू झालाय, जेवून घेऊ. त्यानं मनगटावरचं घड्याळ पाहिलं आणि मान हलवली. वद्य प्रतिपदा. एकाची पाऊणपट पाऊण. पाऊण वाजायला चार मिनिटं कमी होती. त्यानं शिट्टी दातात धरली, काठी उचलली आणि नदीकडे तोंड करून उभा राहिला.

भरतीची वेळ होती.