अडेनियम जगवावे कसे (घरच्यांपासून)

अडेनियम घरी आणण्यापूर्वी घरात पाणी घालणारा माणूस कोण, याची चौकशी करावी. प्रत्येक घरात एक असतोच. आमच्याकडे बाबा आहेत. सकाळी साडेसहाला तुळशीला पाणी घातल्यावर तांब्यात जे उरतं ते मोरीत ओतणं त्यांच्या जिवावर येतं, आणि शेजारच्या कुंडीतलं ते गुबगुबीत खोड त्यांना कायम तहानलेलं दिसतं. आमचं पहिलं अडेनियम रोज अर्धा तांब्या पिऊन महिन्याभरात गेलं. 'एवढं पाणी घालूनही?' असं बाबांनी खऱ्या दुःखानं विचारलं.

तेव्हा आधी कूळ बघावं. हे झाड आफ्रिकेतल्या सहारालगतच्या कोरड्या पट्ट्यातलं आणि अरबस्तानातलं. नावही एडनवरून पडलेलं. लिनिअसचा शिष्य पीटर फोर्सकाल डॅनिश मोहिमेबरोबर येमेनला गेला आणि 1763 मध्ये हिवतापानं तिथेच वारला. त्याची टिपणं सहकारी कार्स्टन नीबूरनं 1775 मध्ये छापली. त्यात या झाडाचा समावेश चक्क 'लठ्ठ कण्हेर' म्हणून आहे. (हाच नीबूर मधल्या काळात मुंबईला येऊन घारापुरीची लेणी रेखाटून गेला. रोप आणलं असतं, तर तेव्हाही कुणीतरी तांब्या घेऊन उभं असतं.) कण्हेरीशी नातं आहे ते गुणांतही: चीक विषारी. आफ्रिकेत तो बाणांच्या टोकांना लावत. छाटणी केल्यावर हात धुवावेत आणि मगच पोह्यांच्या ताटलीकडे वळावं.

कुंडी उथळ, पसरट, बुडाला भोकं असलेली. मातीत माती कमीच असावी. जाड रेती, विटांचा चुरा, थोडं शेणखत. नर्सरीतल्या कोकोपीटमध्ये ते तसंच ठेवलं, तर तुमच्या घरी बाबांची गरजही पडणार नाही. ऊन सहा तास तरी हवं. 'हॉलमध्ये टीव्हीजवळ छान दिसेल' हा प्रस्ताव बहुमतानं मंजूर झाला तरी अंमलात आणू नये.

पाणी कधी घालावं? उदबत्तीची जळून उरलेली काडी कुंडीत तळापर्यंत खुपसावी. कोरडी निघाली तर घालावं, आणि मग भोकांतून वाहीपर्यंत घालावं. ओली निघाली तर काडी ठेवून निघून जावं. ही दुसरी क्रिया बहुतेकांना जमत नाही. खोड अंगठ्यानं दाबून बघावं, आंब्याच्या पेटीवर करतो तसंच, फक्त इथे मऊ लागणं ही आनंदाची बातमी नव्हे. माती कोरडी असून मऊ असेल तर तहान. ओली असून मऊ असेल तर कूज. कूज असेल तर झाड उपटून, निरोगी पांढरा गर दिसेपर्यंत सुरीनं कापत जावं, सावलीत आठवडाभर उघडं वाळवावं आणि मग पुन्हा लावावं. आमचं दुसरं असं वाचलं. त्या आठवड्यात ते सुपात, लसणाशेजारी पडलं होतं, आणि फोडणीत जाता जाता राहिलं.

थंडीत पानं गळतात. ते मेलेलं नसतं. त्याला खत घालू नये, शेजाऱ्यांना दाखवू नये, पाणी तर नाहीच. थंडी सरताना फांद्या निर्दयपणे छाटाव्यात, कारण फुलं नव्या फुटव्यावर येतात. हिरवीगार, टपोरी अळी दिसली तर ती बहुधा कण्हेरीवरच्या पतंगाची, चिमट्यानं उचलावी.

राहता राहिले बाबा. त्यांना समजावण्यात दोन वर्षं गेली, म्हणून शेवटी तुळशीशेजारी पुदिना लावला आणि अडेनियम पलीकडच्या कठड्यावर नेलं. आता उरलेलं पाणी पुदिन्याला जातं, चटणी आठवड्यातून तीनदा होते आणि कठड्यावर गुलाबी फुलं आहेत.

जूनमध्ये मात्र पावसापासून वाचवायला कुंडी घरात, खिडकीशी घ्यावी लागते. त्या चार महिन्यांत येणारे पाहुणे दोन घोट पिऊन ग्लास हातात धरून इकडेतिकडे बघू लागतात, आणि 'हे यात ओतू का?' असं विचारेपर्यंत निम्मं ओतलेलं असतं. म्हणून पाहुण्यांना पाणी जरूर द्यावं, पण अर्धाच ग्लास.