शिणाचे भांडवल

कर्जत तालुक्यातील कडाव गावचे दैवत बालदिगंबर गणेश हे बालरूपात असूनही त्यास पाळणाघराची दगदग नाही आणि दिगंबर असल्याकारणाने गणवेशाचा खर्चही नाही, ही शिवपार्वतीची थोर पूर्वपुण्याई म्हटली पाहिजे. मर्त्य मातापित्यांची गोष्ट निराळी. सरकारने 2017 च्या दुरुस्तीने प्रसूतिरजा 12 आठवड्यांवरून 26 वर नेली, 50 वा अधिक नोकर असलेल्या आस्थापनांवर पाळणाघराची सक्ती केली आणि मातेस दिवसातून 4 वेळा तेथे जाण्याची मुभा दिली. मात्र कर्जतहून सुमारे 100 किलोमीटरवरील मुंबईच्या कचेरीपर्यंत तान्ह्या जिवाला लोकलच्या गर्दीतून कसे न्यावे, याची तजवीज त्यात नव्हती, आणि पित्याचा तर त्या कलमात नामोल्लेखही नव्हता.

जेथे कायदा थकतो तेथे व्यापार जागा होतो. आईस सवड नाही म्हणून निवडलेली भाजी, बापास सवड नाही म्हणून शिकवणी, आणि उभयतांस परस्परांसाठी सवड नाही म्हणून शनिवार-रविवारचे भाड्याचे शेतघर! तेथे आपल्याच अपत्याशेजारी दोन घटका बसण्याचे शुल्क शहरी कुटुंब बिनतक्रार भरते. त्यांच्यासाठी चुलीवर भाकरी थापणारी बाई मात्र स्वतःचे मूल आजीच्या स्वाधीन करून आलेली असते. आणि त्या आजीने आपल्या सेवेचा दर अद्याप जाहीर केलेला नाही, एवढ्यावरच हा सारा उद्योग नफ्यात चालला आहे.