चूक तुम्ही छापता, बोलणी आजोबा खातात

गोळ्यांच्या पट्टीवर काय, कुठे आणि किती मोठं छापायचं हे ठरवणाऱ्या साहेबांना,

तुमचं नाव मला माहीत नाही. कुठल्या तरी औषध कंपनीत तुमचं टेबल आहे, पट्टीचा नमुना मंजुरीसाठी तुमच्यासमोर येतो आणि तुम्ही त्यावर सही करता, एवढं नक्की. हे पत्र त्या सहीबद्दल आहे.

घरातल्या म्हाताऱ्या माणसाने बीपीची गोळी चुकून दोनदा घेतली, किंवा चार दिवस घेतलीच नाही, की निकाल ठरलेला असतो: "वय झालं, त्यांच्या लक्षात राहत नाही." मुलगा पुण्याहून फोनवर रागावतो, सून कपाळाला हात लावते, डॉक्टर मान हलवतात. आजोबाही खाली मान घालून ऐकून घेतात. याच आजोबांना आपल्या जमिनीचा गट नंबर, भावकीतली प्रत्येक बांधाची तक्रार आणि गावातल्या निम्म्या लग्नांची सालं तोंडपाठ आहेत. त्यांची आठवण शाबूत आहे, साहेब. तुमची पट्टी त्यांना वाचता येत नाही.

ती वाचता यावी असं तुम्हाला कधी वाटलं होतं का? चकचकीत चंदेरी कागद, त्यावर मुंगीएवढी अक्षरं, आणि ट्यूबलाइटखाली धरली की नुसती चमक. वय वाढतं तसं डोळ्यातलं भिंग पिवळट होत जातं, फिकट रंगांमधला फरक पुसट होतो, मोतीबिंदू असेल तर उजेडच डोळ्यांवर येतो. बीपीच्या गोळ्या सगळ्यात जास्त खाणारी माणसं नेमकी याच वयाची. तरी तुम्ही पांढऱ्या, पांढरटसर आणि फिकट गुलाबी गोळ्या काढता, आणि त्यांचं नाव अशा जागी छापता जिथे अंगठा दाबून गोळी काढली की नावच फाटतं. संधिवाताने आखडलेल्या बोटांनी ती गोळी निघते तीही थेट जमिनीवर, पलंगाखाली. मग "सकाळची घेतली की नाही?" या प्रश्नाचं उत्तर आजी कशाच्या आधारावर देणार?

मुदत संपल्याची तारीख तर तुम्ही पट्टीच्या एका टोकाला ठोकून ठेवता, शाई न लावता नुसती दाबून. आपल्याकडे निवृत्त माणूस महिन्याचं औषध एकदम घेतोच असं नाही. पाच गोळ्या मागतो, दुकानदार कात्रीने पट्टी कापतो, आणि तारखेचा तुकडा कधी याच्या घरी जातो, कधी त्याच्या. देशातल्या प्रत्येक औषधाच्या दुकानात गल्ल्याजवळ कात्री टांगलेली असते. ती तुम्हाला दिसली नसेल असं मी मानत नाही.

आता नावांकडे येते, कारण खरा घात तिथे होतो. टेल्मिसार्टन 40 ची साधी गोळी असते. तिच्या ब्रँडच्या नावामागे 'एएम' लागलं की त्यात अम्लोडिपिन मिसळलेलं असतं. 'एच' लागलं की हायड्रोक्लोरोथायझाइड, म्हणजे लघवी वाढवणारं औषध. तीन औषधं एकत्र असतील तर सगळी अक्षरं एकापुढे एक. नाव तेच, पट्टीचा रंग जवळपास तोच, फरक काय तो शेवटच्या एक-दोन इंग्रजी अक्षरांत. डॉक्टर साधी गोळी बदलून 'एच' वाली लिहून देतात. घरात जुन्या पट्टीतल्या सहा गोळ्या शिल्लक असतात, आणि औषध टाकून द्यायची आपल्याकडे कुणाला सवय नाही. माझ्या ओळखीतल्या एका काकूंनी दोन्ही चालू ठेवल्या, जुनीही आणि नवीही, कारण त्यांच्या हिशेबाने नवी गोळी जास्तीची मिळाली होती. पहाटे उठताना डोळ्यांपुढे अंधारी आली, न्हाणीघराच्या उंबऱ्यावर त्या पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. दवाखान्यात सगळ्यांनी त्यांनाच विचारलं, "दोन-दोन कशा घेतल्यात?" तुम्हाला कुणी विचारलं नाही. म्हणून मी विचारते आहे.

कायद्याचं सांगू नका. 2018 साली औषध नियमांत बदल झाला आणि औषधाचं मूळ नाव ब्रँडच्या नावापेक्षा निदान दोन आकारांनी मोठं छापा असं ठरलं. चांगला नियम होता. पण तीन किंवा अधिक औषधांच्या मिश्रणांना त्यातून सूट मिळाली, म्हणजे ज्या गोळीत सर्वाधिक गोंधळ होऊ शकतो नेमकी तीच सुटली. पुढे ऑगस्ट 2023 पासून 300 ब्रँडांवर क्यूआर कोड आला. मूळ नाव, बॅच, मुदतीची तारीख सगळं त्या चौकोनात आहे. नकली औषध पकडायला तो उपयोगी पडेल, पण सत्त्याहत्तर वर्षांच्या बाईने मुदतीची तारीख बघायला स्मार्टफोन काढावा, ही अपेक्षा कुणाच्या आईकडून आहे?

आणि भाषा! महाराष्ट्रात दुकानाची पाटी मराठीत हवी म्हणून कायदा झाला, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, 2023 मध्ये न्यायालयाने दोन महिन्यांची मुदत दिली आणि पाट्या बदलल्या. त्या मराठी पाटीखालून आजोबा जे औषध घेऊन बाहेर पडतात, त्यावरच्या सूचना मात्र इंग्रजीत. टेल्मिसार्टनला दमट हवा सोसत नाही, गोळी घ्यायच्या वेळीच पट्टीतून काढायची असते. हे आजोबांना कोण सांगणार? नातीने कौतुकाने सात कप्प्यांची डबी आणून दिलेली असते आणि रविवारी बसून आठवड्याच्या गोळ्या तिच्यात भरल्या जातात. कोकणातल्या पावसाळ्यातसुद्धा. माहितीपत्रक असलंच तर ते मोठ्या खोक्याबरोबर दुकानात राहतं, आणि त्यावर बहुधा लिहिलेलं असतं की ते फक्त डॉक्टरांसाठी आहे.

तंबाखूच्या पुडीच्या 85 टक्के भागावर इशाऱ्याचं चित्र छापायचं बंधन 2016 पासून आपल्या देशात आहे. लोकांनी जे खाऊ नये त्यावर आपण एवढं ठळक छापू शकतो. रोज जे खायलाच हवं, त्यावर का नाही?

पट्ट्यांतल्या गोळ्यांची संख्या हा आणखी एक छळ. एका औषधाच्या पट्टीत 10, दुसऱ्याच्या 14, तिसऱ्याच्या 15. तिन्ही एकाच दिवशी आणल्या तरी तीन वेगवेगळ्या दिवशी संपतात. तालुक्याच्या गावी एसटीने जाऊन औषध आणणारा माणूस दहाव्या दिवशी संपलेल्या गोळीसाठी पुन्हा जात नाही. "उरलेल्या दोन चालू आहेत ना" म्हणून पंधराव्या दिवसापर्यंत थांबतो. याला तुम्ही विसरभोळेपणा म्हणाल?

दुकानदार कंपनी बदलून देतो तेव्हा गोळीचा रंग आणि आकार बदलतो. अमेरिकेत हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या रुग्णांचा यावर अभ्यास झाला, 2014 मध्ये तो प्रसिद्ध झाला. गोळीचा रंग बदलल्यावर औषध सुटण्याची शक्यता 34 टक्क्यांनी आणि आकार बदलल्यावर 66 टक्क्यांनी वाढलेली दिसली. ही शिकल्यासवरल्या देशातली गोष्ट. आपल्याकडे तर निम्मी घरं गोळीला नावाने ओळखतच नाहीत. "ती बारकी पांढरी", "सकाळची लांबट", "रक्त पातळ करायची". ही ओळख तुम्ही दर महिन्याला मोडता.

दोष सगळा तुमचा नाही, हेही मी मनापासून लिहिते. लघवी वाढवणारी गोळी संध्याकाळी लिहून देणारे डॉक्टर आहेत. रात्रभर उठून कंटाळलेली बाई ती बंद करते आणि कुणाला सांगत नाही. अम्लोडिपिनने पाय सुजले तर सुजेसाठी आणखी एक गोळी वाढवणारे आहेत. गुडघेदुखीला डायक्लोफिनॅक घेतल्याने बीपी चढतं, हे न सांगणारे आहेत. "बीपी नॉर्मल आलं" एवढंच ऐकवून पाठवतात आणि गोळी चालू ठेवा हे सांगायचं राहतं. त्यांना वेगळं पत्र लिहायला हवं. पण डॉक्टर महिन्यातून एकदा भेटतात. तुमची पट्टी रोज सकाळी हातात असते.

आणि हे जमतं. ब्रिटनमध्ये औषध देताना फार्मासिस्ट खोक्यावर रुग्णाचं नाव आणि "दिवसातून एक गोळी घ्या" असं सरळ वाक्य छापून चिकटवतो. युरोपीय संघाने 2004 च्या कायद्याने औषधाच्या खोक्यावर नाव ब्रेलमध्येही बंधनकारक केलं. आपल्याकडे आमचा दुकानदार तुमच्या चंदेरी कागदावर पेनने दोन रेघा ओढतो आणि त्या पिशवीतच पुसल्या जातात. इतकं लांबही जायला नको. 2017 मध्ये सुरू झालेल्या उच्च रक्तदाब नियंत्रणाच्या सरकारी कार्यक्रमात सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा आणि वर्धा हे आपले जिल्हे सुरुवातीपासून होते. तिथली पद्धत साधी: थोडीच ठरलेली औषधं, ठरलेल्या मात्रा, सगळीकडे तीच, आणि पुरेशा दिवसांची एकदम. गुंतागुंत कमी केली की माणसं औषध नीट घेतात, हे तिथे दिसलं.

मी तुमच्याकडे चमत्कार मागत नाही. प्रत्येक गोळीच्या मागे, प्रत्येक कप्प्यावर, औषधाचं नाव आणि मुदतीची तारीख छापा. चमक नसलेल्या पांढऱ्या पट्ट्यावर, काळ्या शाईत, देवनागरीतही. "बीपीसाठी" हा एक शब्द त्याखाली येऊ द्या. मिश्रणाच्या गोळीची पट्टी साध्या गोळीपेक्षा लांबूनही वेगळी दिसू द्या. रोज घ्यायच्या औषधाची पट्टी 30 गोळ्यांच्या हिशेबात बसवा. आणि पुढचा नमुना सहीसाठी आला की तो आधी घरी न्या. संध्याकाळी दिवे लागल्यावर तुमच्या आईच्या किंवा वडिलांच्या हातात द्या, "यातली कुठली कशाची ते सांगा" म्हणा, आणि तुम्ही काहीही न सुचवता शेजारी बसून राहा. त्यांनी बरोबर सांगितलं तरच सही करा.

आपली,
रोज सकाळी आईच्या गोळ्या भिंग घेऊन वाचणारी एक मुलगी